रोग्यापासून सत्य लपवावे काय?

मरणाच्या आजाराच्या बाबतीत आपल्या लोकांत एक रीत पडून गेली आहे. आजार कोणता हे मुलास, सुनेस, जावयास, शेजाऱ्यास, फार काय पण गावच्या दुकानदारासही ठाऊक असते. ठाऊक नसते ते केवळ ज्यास आजार झाला आहे त्यास. ही रीत प्रेमातून निघाली आहे ह्यात शंका नाही. परंतु प्रेमातून निघालेली प्रत्येक गोष्ट योग्यच असते असे नाही. आणि ह्या रीतीचा नीट विचार करण्याची वेळ आम्हांवर एका प्रसंगाने आणिली.

काही वर्षांमागे आम्ही एका खेड्यात एका वृद्ध गृहस्थांच्या समाचारास गेलो होतो. वय सत्तरीच्या अलीकडचे. पावणेतीन एकर जमीन, तीत एक विहीर. हाडापेराने मजबूत मनुष्य. घरात सर्व जण त्यांस आबा म्हणत, म्हणून आम्हीही येथे तसेच म्हणू. सहा महिन्यांपासून त्यांचे पोट दुखत असे. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे होई. पित्ताच्या गोळ्या घेतल्या की चार दिवस बरे वाटे, आणि अशा रीतीने महिने गेले. शेवटी शौचास काळे होऊ लागले व अंगावरचे कपडे सैल पडले, तेव्हा शहरात नेऊन दुर्बिणीने पोट तपासले व तुकडा काढून पाहिला. जठराचा कॅन्सर निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोहोचला होता. आम्ही अंगणात पाऊल टाकताच मुलाने आमचा हात धरला व हळूच म्हणाला, "आबांना अल्सर सांगितलाय. कॅन्सरचं नाव काढू नका. ऐकलं तर हाय खातील." आम्ही मान डोलाविली. आत जाऊन बाजेजवळ बसलो आणि "आता लवकर बरे व्हाल," असे म्हणालो. ते खोटे आहे हे आम्हांस ठाऊक होते. आबांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले व मग दृष्टी आढ्याकडे वळविली.

त्या दिवशी आम्ही चूक केली काय? हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनाशी घोळविला आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा रोग काय आहे व त्यावरील औषध काय करू शकते हे समजून घेतले पाहिजे. कारण पुष्कळदा आपण जे लपवितो ते आपणांसही नीट ठाऊक नसते.

जठराचा कॅन्सर हा काही विरळा रोग नव्हे. सन २०२२ मध्ये जगात सुमारे ९ लाख ६८ हजार लोकांस हा रोग नव्याने जडला व सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने मरण पावले. आपल्या देशात मिझोराम प्रांतात त्याचे प्रमाण फार मोठे आहे. तंबाखू व धुरावलेले, खारविलेले अन्न ह्यांचा तेथे त्याच्याशी संबंध दिसून आला आहे. ह्या रोगाचे एक मोठे कारण म्हणजे जठराच्या अस्तरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू होय. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन ह्या दोघा डॉक्टरांनी सन १९८२ मध्ये त्याचा शोध लाविला. लोक विश्वास ठेवीनात म्हणून सन १९८४ मध्ये मार्शल ह्यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला व आजारी पडून दाखविले. सन १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्या जंतूची गणना कॅन्सरच्या निश्चित कारणांत केली, व सन २००५ मध्ये त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू ज्यांच्या पोटात असतो त्यांपैकी बहुतेकांस कॅन्सर होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. नाही तर वाचक उगीच भयभीत होतील.

रोग जठरातच आहे तोवर शस्त्रक्रियेने तो काढून टाकता येतो. व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोट ह्यांनी सन १८८१ मध्ये अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तरी ती बाई पुढे काही महिन्यांतच त्याच रोगाने वारली. जपानात सन १९८३ पासून सरकारमार्फत गावोगाव तपासणी होते, म्हणून तेथे पुष्कळांचा रोग आरंभीच सापडतो. आपल्याकडे पोटदुखी म्हणजे पित्त, व पित्त म्हणजे गोळी, अशी समजूत असल्यामुळे रोगी दवाखान्यात पोहोचतो तेव्हा बहुधा रोग पुढे सरकलेला असतो. तो यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला म्हणजे शस्त्रक्रियेने बरे करण्याची वेळ निघून गेलेली असते. मग जे औषध देतात त्यास लोक 'केमो' म्हणतात.

ह्या केमोचा इतिहास विचित्र आहे. लढाईत माणसे मारण्यासाठी केलेल्या विषारी वायूच्या जातीचे एक द्रव्य अमेरिकेतील येल विद्यापीठात सन १९४२ मध्ये एका कॅन्सरच्या रोग्यास प्रथम देण्यात आले. त्याची गाठ काही काळ विरघळली व पुन्हा वाढली. सन १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर ह्यांनी फ्लुओरोयुरॅसिल हे औषध तयार केले. सन १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग ह्यांस, जंतूंवर विजेचा परिणाम पाहता पाहता, प्लॅटिनमच्या संयुगाने पेशींची वाढ थांबते असे अकस्मात आढळून आले. आज जठराच्या कॅन्सरवर जी औषधे प्रथम देतात ती ह्याच दोन कुळांतील आहेत. पुष्कळ ठिकाणी दर तीन आठवड्यांनी एकदा ऑक्झॅलिप्लाटिनची सलाईन व चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असा क्रम असतो. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारितात. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात, परंतु तोंडाचे अस्तर, आतड्याचे अस्तर व रक्त निर्माण करणाऱ्या पेशी ह्यांचीही वाढ जलद असते. म्हणून तोंड येते, जुलाब होतात, मळमळते, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. ऑक्झॅलिप्लाटिनने बोटे बधिर होतात व गार पाण्यात हात घातला तर टाचण्या टोचल्यासारखे होते. ज्या घरी असा रोगी असेल त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे, कारण तो ताप प्राणघातक ठरू शकतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पसरलेला जठराचा कॅन्सर केमोने बरा होतो काय? नाही; अगदी विरळा अपवाद सोडता होत नाही. तर मग त्याचा उपयोग काय? उपयोग आहे, व तो खोटा नव्हे. निरनिराळ्या देशांतील प्रयोगांची एकत्र छाननी करून सन २०१७ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, नुसत्या शुश्रूषेच्या मानाने केमोने आयुष्य सरासरी सुमारे पावणेसात महिन्यांनी वाढते. काही रोग्यांच्या गाठीवर हर-टू नावाचे एक प्रथिन जास्त असते. त्यांस ट्रास्टुझुमॅब हे औषध जोडीला दिले असता मध्यम आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले, असे सन २०१० च्या प्रयोगात दिसले. पहिले औषध निष्फळ झाल्यावर दुसरे देतात, त्याचा लाभ त्याहून लहान असतो. सन २०१४ च्या एका इंग्रज प्रयोगात डोसिटॅक्सेल घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ५.२ महिने व न घेणाऱ्यांचे ३.६ महिने भरले. मात्र घेणाऱ्यांच्या वेदना कमी राहिल्या, हेही सांगणे न्याय्य आहे. मध्यम आयुर्मान म्हणजे काय हे वाचकांनी नीट ध्यानी घ्यावे. रोग्यांची ओळ लाविली तर जो बरोबर मधोमध उभा राहील त्याचा तो काळ. निम्मे त्याच्या आधी जातात, निम्मे त्याच्या पुढे जगतात, व थोडे फार पुढे जातात. म्हणून "इतकेच महिने राहिले" असे कोणाही एका मनुष्यास सांगणे हे सत्य नव्हे, आणि "नक्की बरे व्हाल" असे सांगणे हेही सत्य नव्हे.

येथे लोकांचा जो गैरसमज होतो तो आपल्या अडाणीपणाचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत पसरलेल्या फुफ्फुसाच्या व मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर केमो घेणाऱ्या सुमारे बाराशे रोग्यांस विचारून सन २०१२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. ह्या औषधाने आपण बरे होण्याचा संभव नाही, ही गोष्ट फुफ्फुसाच्या रोग्यांपैकी शेकडा ६९ व आतड्याच्या रोग्यांपैकी शेकडा ८१ लोकांस उमगली नव्हती. औषध देतात त्या अर्थी रोग बरा होणार, असे मनुष्याचे मन सहजच धरून चालते. आणि डॉक्टर, नातलग व रोगी हे तिघेही ते मन मोडण्यास कचरतात.

तर सत्य सांगावे की नाही? न सांगावे असे म्हणणाऱ्यांचे तीन आक्षेप आम्ही ऐकिले आहेत, व ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा की, ऐकून रोग्याचा धीर खचेल व तो आधीच मरेल. असे भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रोगी काही आंधळा नसतो. आपले अन्न उतरत नाही, आपल्या खोलीत लोक कुजबुजतात व आपण दिसताच गप्प होतात, लांबची लेक अवेळी माहेरी आली आहे, हे सर्व त्यास दिसते. तो जाणतो, फक्त आपण जाणतो हे कोणास सांगू शकत नाही, कारण घरच्यांनी जे सोंग घेतले आहे ते त्यांच्यासाठी त्यालाही वठवावे लागते. अशा रीतीने मरणाचे भय कमी होत नाही, उलट ते एकट्याने सोसावे लागते. शिवाय स्पष्ट बोलण्याने आयुष्य घटते असा अनुभव नाही. बोस्टन येथे सन २०१० मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्यांस आरंभापासूनच वेदनाशमन करणाऱ्या वैद्यांची जोड दिली होती, व ते वैद्य रोगाचे स्वरूप व रोग्याची इच्छा ह्यांविषयी रोग्याशी मोकळेपणाने बोलत. त्या रोग्यांनी अखेरच्या दिवसांत कष्टदायक उपचार कमी घेतले, त्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले, आणि तरीही ते इतरांहून सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले.

दुसरा आक्षेप असा की, आपल्याकडे मनुष्य एकटा नसतो. निर्णय कुटुंबाने करावयाचा असतो, व रोग्याचा भार कुटुंबाने उचलणे हाच आपला धर्म आहे. ह्यात फार मोठे तथ्य आहे, आणि जेथे हा भार कोणीच उचलीत नाही त्या समाजाचा आम्हांस हेवा वाटत नाही. परंतु आम्ही विचारतो, ज्या घरात बैल घ्यावयाचा, मुलगी द्यावयाची, विहीर खणावयाची, तर आबांस विचारल्यावाचून पान हलत नव्हते, त्याच घरात आबांच्या देहाविषयी सर्वांनी बसून ठरवावे व एकट्या आबांस ओसरीवर ठेवावे, ह्यास कुटुंबाचा निर्णय कसे म्हणावे? तो कुटुंबाचा निर्णय नव्हे. तो कुटुंबातील वडील माणसाला वगळून केलेला निर्णय होय.

तिसरा आक्षेप असा की, सर्वांस सत्य ऐकावयाचे नसते. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच सत्य सांगणे म्हणजे ते अंगावर फेकणे असे आम्ही समजत नाही. रोग्यास प्रथम विचारावे, "आजाराविषयी तुम्हांस काय वाटते? सर्व ऐकावेसे वाटते, की थोडेच? तुम्हांस सांगावे, की मुलास?" जो म्हणेल, "मला नको, माझ्या लेकाला सांगा," त्याची इच्छा पाळावी, कारण न ऐकण्याचा हक्कही त्याचाच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, हा हक्क त्याने स्वतः सोडावा, दुसऱ्याने तो त्याच्या नकळत काढून घेऊ नये. आणि मौन व लटके ह्यांत भेद आहे. जे विचारले नाही ते न बोलणे हे मौन. सरळ विचारले असता अल्सर म्हणणे हे लटके. मौनाला कधी कधी दयेचे रूप असते. लटके मात्र एकदा उघडे पडले की त्यानंतर बोललेला खरा शब्दही रोगी खरा मानीत नाही.

सत्याची ही गरज केवळ मनाच्या समाधानापुरती नाही. ज्यास बरे होण्याची खात्री वाटते तो मनुष्य कोणताही त्रास सोसेल व कोणतीही किंमत देईल. ज्यास चार-सहा महिन्यांचा लाभ आहे हे कळले तो त्या महिन्यांत काय करावयाचे आहे ह्याचा हिशेब करील. कोणास मुलीचे लग्न पाहावयाचे असते. तो म्हणेल, औषध घेतो, बोटे बधिर झाली तरी चालतील. कोणास घरच्या बाजेवर, नातवंडांत राहावयाचे असते. तो म्हणेल, मला शहराच्या फेऱ्या नकोत. ह्या दोघांतही कोणी भित्रा नाही व कोणी चुकलेला नाही. केमो घेणे हे प्रत्येक वेळी कर्तव्य नव्हे, आणि ते नाकारणे ही आत्महत्याही नव्हे. उपचाराचे माप उपचार किती झाले हे नसून, रोग्यास जे हवे होते ते त्याने साधले किंवा नाही, हे आहे.

ह्या बाबतीत इंग्लंडातील एक प्रयोग फार बोधप्रद आहे. जठराच्या व अन्ननलिकेच्या पसरलेल्या कॅन्सरचे ५१४ वृद्ध व अशक्त रोगी घेऊन त्यांपैकी काहींस औषधाची पूर्ण मात्रा, काहींस कमी, व काहींस त्याहूनही कमी दिली. सन २०२१ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी मात्रेनेही रोग तितकाच काळ आवरून राहिला, व त्या रोग्यांस त्रास कमी झाला. जास्त औषध म्हणजे जास्त प्रेम असे मानणाऱ्या आम्हां सर्वांस हा धडा आहे. वैद्यास असे विचारण्यास मुळीच संकोच करू नये की, ह्या वयात व ह्या शक्तीला मात्रा कमी करून चालेल काय? त्याचप्रमाणे अमेरिकेत सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, जे रोगी शेवटच्या टप्प्यातही हिंडतेफिरते होते त्यांचे अखेरचे दिवस केमोमुळे सुखाचे न होता उलट अधिक कष्टाचे गेले. तेव्हा थांबण्याची वेळ ओळखणे हाही उपचाराचाच भाग होय.

आता पैशाविषयी लिहिणे भाग आहे, कारण खेड्यात हाच प्रश्न सर्वांत जड असतो आणि त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. सरकारी आरोग्य योजनांतून आज केमोचा पुष्कळसा खर्च निघतो, व गरीब आहे म्हणून कोणी उपचारच घेऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु जाण्यायेण्याचे भाडे, शहरातील मुक्काम, बाहेरून करावयाच्या तपासण्या, बुडालेली मजुरी व योजनेत न बसणारी नवी औषधे हे सर्व घरातूनच जाते. आबांचेही तसेच झाले. चार सलाईनींनंतर रोग पुन्हा वाढला. दुसरे औषध सुरू करावयाचे ठरले, व त्यासाठी विहिरीकडचा अर्धा एकर विकण्यात आला. जमीन आबांच्या नावावर होती. अल्सरच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून त्यांनी कागदावर सही केली. दुसऱ्या औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि तिसरीच्या आधी ते शहरातील रुग्णालयातच वारले.

त्यापूर्वी आठ दिवस आम्ही त्यांस भेटलो होतो. मुलगा औषधे आणावयास खाली गेला होता. आबा म्हणाले, "हे अल्सर नव्हे, खरं ना?" आम्ही गप्प राहिलो. ते म्हणाले, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?" आम्ही होय म्हणालो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर विहिरीचा तुकडा जाऊ दिला नसता. अन् भावाला बोलावून घेतलं असतं." बांधावरून त्या दोघा भावांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. भावास निरोप गेला, पण तो पोहोचला तेव्हा आबांस शुद्ध नव्हती.

मुलास आम्ही दोष देत नाही. त्याने बापासाठी जमीन विकली. ह्याहून अधिक तो काय करणार? आणि बाप जमिनीला नाही म्हणाला असता तरी मुलाने ऐकावे काय, हा प्रश्न आम्ही सोपा मानीत नाही. कदाचित दोघे त्यावरून भांडले असते. कदाचित मुलाने हट्टाने बापास पहिले औषध घ्यावयास लाविले असते व दुसरे सोडून दिले असते. पण ते भांडण बापलेकांचे झाले असते, दोघांस सर्व ठाऊक असताना झाले असते. आणि जमिनीचा मालक, देहाचा मालक व भावाचा भाऊ ह्या तिन्ही नात्यांनी आबांस बोलण्याची संधी मिळाली असती. ती आम्ही सर्वांनी मिळून घालविली. पहिल्या दिवशी बाजेजवळ बसून आम्ही जे वाक्य बोललो त्याचा ह्या घालविण्यात वाटा आहे, व तो आम्ही नाकारू शकत नाही.

ज्यांस असे वाटते की सत्य सांगणे म्हणजे "आता काही करता येत नाही" असे सांगणे, त्यांनी हेही जाणून घ्यावे की करण्याजोगे पुष्कळ उरते. वेदना शमविणे ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा झाली आहे. केरळात कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी ह्यांनी सन १९९३ मध्ये ह्या कामाचा आरंभ केला, व आज त्या प्रांती गावातील सामान्य शेजारी रोग्याच्या घरी जाऊन शुश्रूषा करितात; सन २००८ मध्ये तेथील सरकारने ह्याविषयी धोरणही ठरविले. मुंबईस शांती आवेदना सदन सन १९८६ पासून आहे, व परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातही ह्या उपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरील उत्तम व स्वस्त औषध होय; योग्य मात्रेत, वैद्याच्या देखरेखीखाली दिले तर त्याने मनुष्य व्यसनी होत नाही व लवकर मरतही नाही. सन १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणे दुरापास्त झाले होते. सन २०१४ मध्ये तो कायदा सुधारून वाट मोकळी करण्यात आली. ज्या रोग्याने केमो घेतला नाही त्यास ह्या उपचाराचा हक्क आहेच. जो घेत आहे त्यासही तो पहिल्या दिवसापासून मिळाला पाहिजे.

कायदाही आता रोग्याच्या बाजूस उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असा निर्णय दिला की, जाणत्या मनुष्यास उपचार नाकारण्याचा हक्क आहे, व पुढे बोलता न आल्यास कोणते उपचार नकोत हे त्यास आधी लिहून ठेविता येते. सन २०२३ मध्ये त्याची रीत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमक्ष लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ह्यांच्यापुढे त्यावर सही केली म्हणजे पुरते. परंतु ज्यास आपला आजारच ठाऊक नाही तो काय लिहून ठेवणार?

शेवटी समाचारास जाणाऱ्यांविषयी दोन शब्द. आपण सर्व जण केव्हा ना केव्हा कोणाच्या तरी बाजेजवळ बसतो. तेथे "लवकर बरे व्हाल" हे वाक्य आपल्या जिभेवर आपोआप येते, कारण ते बोलले की आपली सुटका होते. त्याऐवजी आपण असे विचारावे, "कसे वाटते? काही सांगावयाचे आहे काय? कोणास भेटावेसे वाटते काय?" आणि मग थोडा वेळ थांबावे. रोग्याने काही विचारले तर त्याच्या मुलास बाहेर नेऊन सांगावे की, बापास आता ऐकावयाचे आहे. वैद्यास बरोबर घे, व तूच त्याचा हात धरून सांग. सांगण्याचा मान मुलाचा आहे, तो आपण घेऊ नये. परंतु मुलास धीर देणे हे आपले काम आहे. आम्ही त्या दिवशी अंगणात मान डोलाविण्याऐवजी एवढे जरी केले असते तरी पुष्कळ होते. आबांचा रोग त्याने बरा झाला नसता. पण भाऊ वेळेवर आला असता.